बाळाच्या दुपट्याला कान

भिंतींना कान असतात असे आपण म्हणतो, ते माणसाने जपून बोलावे म्हणून. पण बाळाच्या दुपट्याला खरोखरीचे कान शिवण्याचा उद्योग गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी आरंभिला आहे, आणि त्यांना कुणाची चहाडी ऐकावयाची नाही. अमेरिकेतल्या बर्कली आणि स्टॅनफर्ड येथील मंडळींनी २०१६ साली आपल्या एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. चांदीच्या शाईने छापलेली तारांची वेटोळी तान्ह्या मुलांच्या पांघरुणात बसवून त्यांनी एम.आर.आय.ची चित्रे काढली होती. ती हकीकत वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यात घर करून बसला आहे.

एम.आर.आय. हे नाव आता घरोघर पोचले आहे. कुणाची कंबर, कुणाचा गुडघा, कुणाची मान; त्या बोगद्यात जाऊन आलेले एखादे तरी माणूस प्रत्येक बिऱ्हाडात सापडते. घरी आल्यावर ही मंडळी सांगतात ती तिथल्या ठकठकीची हकीकत, जीव घुसमटल्याची हकीकत आणि बिलाचा आकडा. पण निजवल्यावर छातीवर ते ताटासारखे काहीतरी ठेवतात, गुडघा पिंजऱ्यासारख्या साच्यात घालतात आणि वरून पट्टे आवळतात, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढीत नाही. वास्तविक चित्र ज्यावरून तयार होते ते सारे ऐकून घेण्याचे काम त्या ताटाचे आणि त्या पिंजऱ्याचे. भोवतालचे अवाढव्य चुंबक म्हणजे नुसता सभामंडप. सभेत कोण काय बोलले हे टिपून घेणारा कारकून म्हणजे ते ताट.

टेक्निशियन त्याला ‘कॉईल’ म्हणतात आणि आपणही तेच म्हणू. मला कुणी मराठी शब्द विचारला असता तर मी ‘कुंडल’ सुचवला असता. कुंडल म्हणजे वेटोळेही आणि कानातला दागिनाही. पण दवाखान्यात एकदा रुळलेला शब्द प्राध्यापकांच्या सांगण्यावरून बदलत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

ही कॉईल ऐकते तरी काय? माणसाच्या देहात वजनाने निम्म्याहून अधिक पाणी. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि प्रत्येकाच्या गाभ्यात एक प्रोटॉन. हा प्रोटॉन म्हणजे इवलासा चुंबकच. एरवी ह्या असंख्य चुंबकांची तोंडे बाराही दिशांना असतात. रोग्याला मोठ्या चुंबकाच्या पोटात सरकवले की ते थोडेसे वळण लावून घेतात. थोडेसेच, बरे का! दवाखान्यातले नेहमीचे चुंबक १.५ टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीसएक हजार पट जोराचे. एवढा जोर लावूनही दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाचांचीच सरशी एका बाजूला होते. बाकीचे एकमेकांना निष्प्रभ करून टाकतात. मग बाहेरून रेडिओलहरींचा एक झटका दिला की हे वळलेले प्रोटॉन भोवऱ्यासारखे डुलत घुमू लागतात, सेकंदाला सुमारे ६ कोटी ३९ लाख फेरे, आणि घुमता घुमता अतिशय क्षीण अशी रेडिओलहर सोडतात. आपल्या एफ.एम. रेडिओची स्टेशने लागतात ती ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर. प्रोटॉनांचे हे स्टेशन लागते ६३.९ वर. बाहेरच्या रेडिओची लुडबुड होऊ नये म्हणून त्या सबंध खोलीला आतून धातूचा, बहुधा तांब्याचा, पत्रा ठोकलेला असतो. म्हणजे कॉईल ही दुसरेतिसरे काही नसून आपल्या देहाचे रेडिओस्टेशन ऐकणारी एरियल आहे.

प्रोटॉनांची ही भाषा फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल ह्या दोघांनी स्वतंत्रपणे १९४६ साली जगापुढे आणली आणि १९५२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवले. तेव्हा ती परीक्षानळीतल्या पदार्थांपुरती होती. चुंबकाचा जोर जागोजागी किंचित कमीजास्त केला तर प्रत्येक जागेच्या प्रोटॉनांचा सूर निराळा लागेल आणि सुरावरून जागा ओळखता येईल, ही युक्ती पॉल लॉटरबर ह्यांनी १९७३ साली मांडली. इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफील्ड ह्यांनी चित्रे झटपट काढण्याचे गणित बसवले, आणि ह्या दोघांना २००३ साली वैद्यकाचे नोबेल मिळाले. बोगद्यातली ती ठकठक होते ती हा जोर कमीजास्त करणाऱ्या दुसऱ्या वेटोळ्यांची. आपली कॉईल बिचारी मुकाट ऐकत असते.

परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने ह्या सगळ्यांहून बोलकी गोष्ट नोबेल न मिळालेल्या माणसाची आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रेमंड डमाडियन हे डॉक्टर आपल्या दोन तरुण सहकाऱ्यांना हाताशी धरून सबंध माणूस मावेल असे यंत्र बांधीत होते. नाव ठेवले होते ‘इंडॉमिटेबल’, म्हणजे हार न जाणारे. त्या काळी कॉईल विकत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यापैकी मायकेल गोल्डस्मिथने पुठ्ठ्याचा आधार करून छातीभोवती घालावयाचे वेटोळे तयार केले. १९७७ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी डमाडियन स्वतःच ते अंगात चढवून यंत्रात बसले. तासांवर तास गेले, कॉईलला काही ऐकू येईना. शेवटी तर्क निघाला तो असा की, डॉक्टरसाहेब कॉईलच्या मानाने जरा जास्तच भरदार आहेत! मग शोध सुरू झाला सडपातळ देहाचा. तो सापडला दुसऱ्या सहकाऱ्याच्या, लॅरी मिंकॉफच्या रूपाने. ३ जुलै १९७७ रोजी मिंकॉफला ते वेटोळे घालून बसवले आणि पावणेपाच तासांच्या बैठकीनंतर माणसाच्या छातीचे एक ओबडधोबड चित्र हाती आले. म्हणजे पहिल्याच दिवशी हे दिसून आले होते की यंत्र कितीही मोठे बांधा, अडते ते अखेर कपड्याच्या मापापाशी. अंगाला कॉईल बसेना, म्हणून त्यांनी कॉईलला बसेल असे अंग शोधले. पुढची चाळीस वर्षे दवाखान्यांतून थोड्याफार फरकाने हेच चालले.

कॉईल अंगाला चिकटून का हवी, एवढी लांब असली तर काय बिघडते, असे वाचकांना वाटेल. एखाद्या लग्नाची पंगत डोळ्यांपुढे आणा. पाचशे पाने मांडली आहेत, सनई चालली आहे, पोरे रडताहेत. दारात उभ्या असलेल्या यजमानाला कुठल्या पानावर कोण तूप मागतो आहे हे ऐकू येईल काय? तो कान टवकारील तितका त्याला गलकाच जास्त ऐकू येईल. पण प्रत्येक रांगेत एकेक वाढपी वाकून चालू लागला की ‘जरा इकडे भात’ हे हळू बोललेलेही त्याला कळते. शेजारचे चारच लोक त्याच्या कानांशी असतात, आणि गलका उरलेल्या पंगतीचा असतो. देहाचेही असेच आहे. कॉईलला जी खरखर ऐकू येते ती बरीचशी देहाचीच असते. आपले शरीर ऊबदार, त्यातले पाणी खारट, आणि त्यातल्या विद्युत्भारित कणांची अखंड धावपळ चालू असते. मोठी कॉईल सबंध धडाची खरखर ऐकते. लहान कॉईल साधारण आपल्या व्यासाइतक्या खोलीपर्यंतच ऐकते, म्हणून खरखरही तेवढ्याच भागाची ऐकते आणि तिथले बोलणे तिला स्पष्ट कळते. मात्र तिला जवळ जायला हवे. दोन बोटे अंतर पडले तरी तिचा उपयोग निम्म्यावर येतो.

तर मग एका मोठ्या कॉईलऐवजी लहान लहान पुष्कळ कॉईल शेजारी शेजारी मांडाव्या, झाले! सांगायला सोपे. पण कॉईल म्हणजे नुसती तार नव्हे. तारेच्या वेटोळ्यात कपॅसिटर बसवून तिचा सूर प्रोटॉनांच्या सुराशी बरोबर जुळवलेला असतो. सतारीवर एक तार छेडली की खालच्या तरफेच्या तारा, कुणी हात न लावता, आपण होऊन गुणगुणू लागतात. सूर एक असला की असे व्हावयाचेच. दोन कॉईल एका सुरात लावून शेजारी ठेवल्या की त्या अशाच एकमेकींच्या बोलण्यात बोलू लागतात. त्याहून वाईट म्हणजे दोघींचा मिळून सूर फाटतो. एक सूर वर सरकतो, एक खाली, आणि जो नेमका हवा होता त्यावर दोघीही बहिऱ्या! आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी मला हे दोन वेटोळी आणि एक मापकयंत्र घेऊन प्रत्यक्ष दाखवले. पडद्यावरचे एक शिखर दुसरे वेटोळे जवळ आणताच दुभंगून दोन होताना पाहिले, तेव्हा सासू-सुनांच्या संसाराची मला आठवण झाली हे कबूल करतो.

ह्या भांडणावर तोड काढली ती अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या पीटर रोमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९९० साली. तोड मोठी गमतीची आहे. दोन वेटोळी दूर सारण्याऐवजी त्यांनी ती एकमेकांवर थोडी चढवली. वेटोळ्याच्या पोटातून चुंबकत्वाच्या रेषा वर जातात आणि बाहेरून वळून खाली येतात. शेजारणीचा जो भाग पोटावर चढला आहे त्यातून रेषा वर जातात. जो बाहेर राहिला आहे त्यातून खाली. दोहोंचा हिशोब बरोबरीत सुटेल इतकेच चढवले तर जमाखर्च शून्य होतो आणि एकीचे दुसरीला ऐकू जात नाही. गोल वेटोळी असली तर त्यांच्या मध्यांमधले अंतर व्यासाच्या साधारण पाऊणपट ठेवावे लागते. ही झाली लगतच्या शेजारणींची सोय. पलीकडच्या घरांसाठी त्यांनी दुसरा उपाय केला. प्रत्येक कॉईलला तिचा स्वतंत्र प्रीअँप्लिफायर दिला आणि त्याची जोडणी अशी केली की वेटोळ्यातून प्रवाह जवळजवळ वाहूच नये, नुसता विजेचा दाब मोजला जावा. प्रवाह नाही म्हणजे चुंबकत्व नाही. चुंबकत्व नाही म्हणजे शेजाऱ्याला कटकट नाही. चार कॉईलींची अशी मालिका करून त्यांनी माणसाचा पाठीचा कणा चित्रित करून दाखवला. आज जगातल्या दवाखान्यांत आठ, सोळा, बत्तीस कॉईलींचे जे ताफे दिसतात ते सगळे ह्या एका लेखाचे वंशज.

पुष्कळ कानांचा आणखी एक फायदा नंतर ध्यानात आला, आणि तो वेळेचा. प्रत्येक कॉईल आपल्या जागेवरून ऐकते. कुठला आवाज कुणाला मोठा आणि कुणाला बारीक ऐकू आला ह्यावरूनच त्याची जागा बरीचशी कळते. दोन कानांनी आपल्याला फटाका कुठल्या बाजूला वाजला हे कळते, तसेच. मग जागा ओळखण्यासाठी जी ठकठक करावी लागते तीतली काही गाळली तरी चालते. डॅनियल सोडिकसन ह्यांनी १९९७ साली आणि झुरिकच्या क्लास प्रुसमन ह्यांनी १९९९ साली ह्याचे गणित वेगवेगळ्या वाटांनी सोडवले. ठकठक निम्मी झाली की रोग्याचा वेळ निम्मा. श्वास रोखून धरावयाचा असला म्हणजे ह्या निम्म्याची किंमत कळते.

आता अडचण पाहा. एकमेकींवर पाऊणपटीच्या अंतराने चढवलेल्या कॉईलींचा तो नाजूक जमाखर्च शून्यावर राहतो कधी? त्या जागच्या हलल्या नाहीत तर. म्हणून कारखानदारांनी त्या कठीण प्लॅस्टिकच्या कवचात गच्च बसवल्या. कॉईल वाकवली की वेटोळ्याचा आकार बदलतो, आकार बदलला की सूर उतरतो किंवा चढतो. म्हणून वाकवणेच नको. परिणाम असा झाला की डोक्याला शिरस्त्राण, गुडघ्याला पिंजरा आणि छातीला ताट. सगळे एकाच मापाचे, सरासरी माणसाच्या. आणि सरासरी माणूस दवाखान्यात कधी येत नाही. येते ती पोक आलेली आजी, येतो तो आडव्या अंगाचा व्यापारी, आणि येते आठ महिन्यांचे मूल.

आमच्या इमारतीतल्या एका बिऱ्हाडात असे मूल होते. डोक्याची आणि पोटाची तपासणी सांगितली होती. मोठ्या माणसाला ‘हलू नका’ म्हणता येते; तान्ह्याला कसे सांगणार? थोडे हलले तरी चित्र फिसकटते. म्हणून लहान मुलांना पुष्कळदा भूल द्यावी लागते. भूल द्यावयाची म्हणजे पोट रिकामे हवे. अंगावरचे दूधदेखील चार तास आधी बंद. मूल भुकेने रडते आहे, आई पदर सावरून दुसरीकडे तोंड करून बसली आहे, आणि आत आधीच्या रोग्याला उशीर झाला आहे. तो तासभर मी त्या बाकावर त्यांच्याजवळ बसलो होतो. भूल आजकाल पुष्कळ सुरक्षित झाली आहे हे खरे. तरी जितकी कमी आणि जितकी थोडा वेळ तितके चांगले, ह्याविषयी डॉक्टरांत दुमत नाही. आणि हा वेळ कमी करण्याची किल्ली, पाहावयास गेले तर, त्या कॉईलीच्या हातात आहे. ऐकू स्पष्ट आले तर तीच ती ठकठक पुन्हा पुन्हा करून सरासरी काढावी लागत नाही.

पण मोठ्यांसाठी केलेले ते जड ताट एवढ्याशा छातीवर ठेवावे कसे? त्याने श्वास कोंडेल. म्हणून भोवती उशा, गाद्या रचून ते अधांतरी ठेवतात. ताट आणि बाळ ह्यांच्यामध्ये पोकळी राहते आणि कॉईल नेमकी जिथे चिकटून ऐकायची तिथून दोन बोटे वर लटकते. वर तिची वेटोळीही मोठ्यांच्या मापाची. बाळाच्या इवल्याशा यकृताच्या मानाने हंडाच म्हणावयाचा.

ह्याच अडचणीवर बर्कलीच्या ॲना क्लॉडिया अरियास आणि मायकेल लस्टिग ह्यांनी स्टॅनफर्डच्या मंडळींच्या सहकार्याने काम केले. अरियास ह्या लवचीक वस्तूंवर विजेची मंडले छापण्यातल्या जाणकार, तर लस्टिग हे थोड्या माहितीवरून चित्र उभे करण्याच्या गणितात प्रवीण. त्यांनी पाहिले की कॉईलमध्ये जड असे जे काही असते ते बहुतेक कवच आणि भरणा. वेटोळे स्वतः काही जड नाही. मग ते छापूनच का काढू नये? तंत्र त्यांनी निवडले ते स्क्रीन प्रिंटिंगचे. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि बनियनवरची चित्रे ज्या पद्धतीने छापतात तीच. ताणून बसवलेल्या जाळीतून शाई दाबून पलीकडे काढावयाची. शाई मात्र चांदीची आणि कागदाऐवजी प्लॅस्टिकची पातळ फिल्म. युक्तीची जागा पुढेच आहे. सुरासाठी लागणारा कपॅसिटर म्हणजे मध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ आणि दोहो बाजूंना धातूचे पत्रे. त्यांनी फिल्मच्या दोन्ही अंगांना समोरासमोर चांदीचे ठसे उमटवले. फिल्म मध्ये आहेच. म्हणजे कपॅसिटरही छापून झाला, डाग देऊन बसवण्याचा टणक तुकडा गेला आणि सबंध कॉईल कापडाच्या घडीसारखी वळू लागली. ती त्यांनी बाळाच्या दुपट्यात बसवली.

ह्यात काही गमवावेही लागले. छापलेल्या चांदीच्या शाईतून वीज तितकी सुखाने वाहत नाही जितकी ती अखंड तांब्यातून वाहते. त्यामुळे कॉईलची स्वतःची थोडी खरखर वाढते. सपाट टेबलावर, सारख्या अंतरावर दोन्ही ठेवून तुलना केली तर जुनी तांब्याचीच जिंकते. पण रोगी काही टेबल नव्हे. नेहमीची कॉईल अंगापासून १८ मिलिमीटरहून अधिक दूर राहत असेल, तर अंगाला बिलगलेली छापील कॉईल तिच्या बरोबरीने किंवा तिच्याहून सरस ऐकते, असे त्यांच्या मोजमापात आढळले. अठरा मिलिमीटर म्हणजे आपल्या अंगठ्याची रुंदी. जुन्या कॉईलीला जी हार खावी लागते ती एवढ्याशा जागेत. मला ही तडजोड फार आवडली. वस्तू उत्तम करण्याच्या नादी न लागता ती जवळ नेण्याचा मार्ग त्यांनी धरला.

मात्र दुपटे वळले की वेटोळ्यांचे ते पाऊणपटीचे गणित थोडे डळमळतेच. इथे देहाची खरखर उलट मदतीला धावते, ही मौज आहे. अंगाला चिकटलेल्या कॉईलीचा सूर तितका टोकदार राहत नाही. देह तिची ऊर्जा थोडी शोषून घेतो आणि सूर जरा पसरट होतो. पसरट सूर थोडा घसरला तरी चालून जातो. तरीही ह्याला मर्यादा आहे, आणि वाटेल तशी चुरगळता येईल अशी कॉईल ह्या मार्गाने व्हावयाची नाही.

ती झाली न्यूयॉर्क विद्यापीठात, २०१८ साली. बेई झांग, मार्टाइन क्लोस आणि मघाशी ज्यांचे नाव आले ते डॅनियल सोडिकसन ह्यांनी भांडणाचे मूळच उपटले. त्यांनी वेटोळे केले ते साध्या तारेचे नव्हे, तर टी.व्ही.च्या केबलीसारख्या दुहेरी तारेचे. आत एक तार, भोवती दुसरी. ही दुहेरी तार योग्य ठिकाणी तोडून अशी जुळवली की वेटोळेच आपल्यातून प्रवाह वाहू देण्यास कडकडून विरोध करते. रोमर ह्यांनी प्रवाह अडवला होता तो दाराशी पहारेकरी ठेवून. इथे घरच अबोल निघाले. मग दोन वेटोळी एकमेकींवर किती चढली, किती वाकली ह्याची पर्वाच उरली नाही. त्यांनी ही वेटोळी हातमोज्यावर शिवली, तो मोजा हातात घातला आणि बोटे हलत असताना आतले अस्थिबंध आणि स्नायूंच्या दोऱ्या कशा सरकतात ह्याची चित्रे घेतली. सांधेदुखीवाल्यांचे हेच तर गाऱ्हाणे असते की, ‘डॉक्टर, स्वस्थ ठेवला तर हात दुखत नाही, हलवला की दुखतो.’ आणि आजवर यंत्र पाहत आले ते हात स्वस्थ ठेवूनच.

गुडघ्याचीही अशीच एक हकीकत आहे. झुरिकमध्ये प्रुसमन ह्यांच्याच गटाने २०१२ साली तांब्याच्या विणलेल्या पट्टीच्या, ताणता येणाऱ्या कॉईल करून गुडघा निरनिराळ्या कोनांत वाकवून पाहिला. त्याच शहरात पुढे गॅलियम आणि इंडियम ह्यांचे मिश्रण वापरून पाहिले गेले. हे मिश्रण नेहमीच्या हवेत पाऱ्यासारखे पातळच असते. पातळ तारेला मोडण्याची भीती कसली! मोठ्या कारखान्यांनीही वारे ओळखले. जनरल इलेक्ट्रिकने २०१८ च्या सुमारास पांघरुणासारखी मऊ, हलकी कॉईल बाजारात आणली. पहिली तोड काढणाऱ्या कंपनीलाच आपले टणक कवच टाकून द्यावेसे वाटले, हे विशेष.

ह्या साऱ्या खटाटोपात आपण कोठे, हा प्रश्न मनात येतोच. पवईला आय.आय.टी.च्या आवारात ‘समीर’ नावाची सरकारी संस्था आहे. सूक्ष्मलहरींच्या विद्येला वाहिलेली. तिने इतर संस्थांना बरोबर घेऊन १.५ टेस्लाचे देशी एम.आर.आय. यंत्र उभे करण्याचे काम हाती घेतले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये त्याच्या चाचण्यांसाठी दिल्लीच्या एम्सशी करार केला. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती बहुतेक चुंबकाची आणि वाचणाऱ्या परकी चलनाची. मला विचाराल तर कॉईलींकडेही तितकेच लक्ष असावे. चुंबक एकदा बसवले की वर्षानुवर्षे राहते. कॉईल रोज वाकतात, आपटतात, पुसल्या जातात आणि बिघडतात. शिवाय त्या आपल्या माणसांच्या मापाच्या हव्यात. ज्या देशात जाळीतून शाई छापणारा कारागीर गल्लोगल्ली सापडतो, तिथे हे काम अशक्य कोटीतले वाटत नाही. अर्थात लग्नपत्रिकेत अक्षर पुसट आले तर मुहूर्त चुकत नाही, इथे सूर चुकतो. हा फरक लहान नव्हे.

दुपट्यात शिवलेले हे कान मिटूनही घ्यावे लागतात, ही गोष्ट सांगावयाची राहिली. प्रोटॉनांना डुलवण्यासाठी जो रेडिओलहरींचा झटका देतात तो त्यांच्या उत्तराच्या मानाने प्रचंड असतो. त्या क्षणी कॉईल उघडी राहिली तर तिच्यात जोराचा प्रवाह उठून ती तापेल, आणि ती तर बाळाच्या अंगाला बिलगलेली. म्हणून प्रत्येक वेटोळ्यात एक डायोड असतो. झटक्याआधी तो वेटोळ्याचा सूर मुद्दाम बिघडवून ठेवतो. लक्ष्मीबार पेटवताना आपण कानांवर हात ठेवतो, त्यातलाच प्रकार. हा डायोड आणि तो प्रीअँप्लिफायर छापता येत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक कॉईलीला नखाएवढी का होईना, एक टणक पाटी लागतेच. मऊ पांघरुणात हात फिरवला तर हे गुंडीसारखे लागते.

आणि प्रत्येक गुंडीतून निघते एक केबल. सोळा कॉईल असल्या तर सोळा. त्या सगळ्यांची जुडी बांधून ती यंत्राच्या कडेला नेतात. कापड हलके झाले, पण ही जुडी अजून जडच आहे. केबलीच्या बाह्यांगावरूनही झटक्याच्या वेळी प्रवाह धावू शकतो. तो अडवण्यासाठी ठराविक अंतरावर अडसर बसवावे लागतात आणि जुडीचे वजन आणखी वाढते. केबलीवाचून, बिनतारी कॉईल करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यात पंचाईत दुहेरी आहे. एक तर प्रत्येक कॉईलीला वीज पुरवायला हवी, आणि ती अशा चुंबकाशेजारी जिथे लोखंडाचा कण चालत नाही. दुसरे, सगळ्यांची घड्याळे यंत्राच्या घड्याळाशी इतकी अचूक मिळावी लागतात की सेकंदाला सहा कोटी फेऱ्यांच्या सुरात गल्लत होता कामा नये. तोवर टेक्निशियनबाई बाळाला त्या दुपट्यात गुंडाळतात, केबलीची जुडी कातडीला लागू नये म्हणून मध्ये सुती कापडाची घडी घालतात, तिचा वेढा पडला नाही ना हे दोनदा पाहतात, आणि मग पाळण्याएवढे ते ओझे अलगद आत सरकवतात.